दोरी नंतर, आधी दार बघा: लाकडाच्या स्टोव्हचं दार हवा खात असेल तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं सगळं वाचणाऱ्याला लागेल. न्यू हॅम्पशायरमध्ये गेल्या उन्हाळ्यात जुनं घर घेतलंत, त्यात बिडाचा (ओतीव लोखंडाचा), लाकडावर चालणारा स्टोव्ह आला. मागच्या पाटीवर १९९४ साल आहे. हवेची दांडी पूर्ण बंद केली तरी आग धडधडत राहते. रात्री दहाला भरलेली लाकडं दोनपर्यंत संपतात. सकाळी खोलीत धुराचा वास असतो आणि काचेचा खालचा उजवा कोपरा काळा पडतो. दाराची दोरी, म्हणजे फट बुजवायला दाराच्या खोबणीत बसवलेली काचतंतूची दोरी, चपटी झाली होती म्हणून यजमानांनी ती काढून टाकली आणि तीन सुतीच्या जागी चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाची, बसवली. आता कडी लावायला दोन हात लागतात आणि आग मात्र होती तशीच. अजून जाड दोरी घालायची की आहे तिच्यावरच दुसरा थर द्यायचा, असं विचारलंयत. सासूबाईंचं मत आहे की यापेक्षा गावची चूल बरी.

दोन्ही करू नका. घातलेली दोरी काढावी लागणार आहे. आणि ती काढेपर्यंत जोर लावून कडी ओढणं आजपासून बंद करा, नाहीतर वीस-तीस डॉलरचं काम दार बदलण्यावर जाईल.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत सात वर्षं फाउंड्रीत काढली आणि गेली एकवीस वर्षं इकडे न्यू इंग्लंडमध्ये स्टोव्ह आणि चिमण्यांची कामं करतोय. बीड ओतणारा आणि बीड दुरुस्त करणारा अशा दोन्ही बाजूंनी हे दार मी पाहिलंय. लोक माझ्याकडे येतात तेव्हा दहातल्या सहा-सात जणांनी आधीच दोरी बदललेली असते. दोरी खराब असतेच, पण ती खराब का झाली हे कुणी बघितलेलं नसतं.

आधी हे दार करतं काय ते समजून घ्या. गावच्या चुलीला हवा द्यावी लागते, फुंकणी त्यासाठीच. अंघोळीच्या बंबाचंही तसंच, खालच्या जाळीतून वारा घेतो आणि पेटतो, त्याला कुणी बंद करत नाही. इथला स्टोव्ह उलटा. याची सगळी करामत हवा अडवण्यात आहे. १९७३ साली तेल महागलं तेव्हा इकडे घरोघर लाकडाचे स्टोव्ह आले आणि त्यातले चांगले ते ‘एअरटाइट’ म्हणून विकले गेले. पुढे १९८८ मध्ये इथल्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, धुराचे नियम केले. तेव्हापासूनचे स्टोव्ह ठरावीक भोकांतून ठरावीक हवा घेतात: थोडी काचेवरून खाली, थोडी वरच्या बाजूला धूर जाळायला. तुमचा ९४ सालचा म्हणजे याच पिढीतला. दाराच्या फटीतून आलेली हवा या हिशोबात धरलेलीच नसते. तुम्ही दांडी बंद करता तेव्हा फक्त पुढचा दरवाजा लावता, मागची खिडकी उघडीच राहते.

ती हवा आत ढकलतं कोण? चिमणीची ओढ. गरम धूर वर चढतो, मागे पोकळी ठेवतो, ती भरायला खोलीतली हवा आत धावते. चांगल्या चिमणीतही ही ओढ साधारण १२ पास्कलच्या आसपास असते, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर पाण्याचा दाब. एवढीशीच. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. आग जोरात असताना फटीतून धूर बाहेर येत नाही, हवा आत जाते. आणि आग विझत आली की ओढ मंदावते, मग तीच फट उलटी चालू शकते. तुम्हाला वास सकाळी येतो, रात्री जेवताना नाही, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण पुढे सांगतो, ते तुमच्या स्वयंपाकघरात आहे असा मला दाट संशय आहे.

ही सकाळची वेळच वाईट. निखारे उरलेले असतात, धूर फारसा दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर तयार होत असतो आणि त्याला वास नसतो. झोपायच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर एकेक अलार्म आहे का, बॅटरी चालू आहे का, हे पुढचं वाचण्याआधी उठून बघून या. मी थांबतो.

आता फट शोधायची. चारही तपासण्या करा, प्रत्येक वेगळं सांगते.

पहिली नोटेची. स्टोव्ह पूर्ण गार असताना एक डॉलरची नोट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून कडी लावा आणि नोट ओढा. ओढताना विरोध जाणवला पाहिजे, फाटेल की काय असं वाटलं पाहिजे. दर तीन बोटांवर एकदा, सगळ्या दाराभोवती. बहुतेक जण वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी बघून मोकळे होतात. फट कोपऱ्यात असते. एका कागदावर दाराचा चौकोन काढा आणि जिथे नोट सहज सुटते तिथे फुली मारा.

दुसरी, रात्री खोलीतले दिवे घालवा, स्टोव्हच्या आत जोराची टॉर्च ठेवा, दार लावा आणि बाहेरून बघा. दाराची कड दिसली तर ठीक, ते अपेक्षितच. पण बिडाच्या पाट्या जिथे एकमेकींना जोडल्यात त्या सांध्यांतूनही उजेड येत असेल तर प्रकरण वेगळं. हे स्टोव्ह अनेक पाट्यांचे बनतात, सांध्यात भट्टीचं सिमेंट भरलेलं असतं आणि तीस वर्षांत ते तडकून गळून पडतं. मग दाराची दोरी सोन्याची घातली तरी आग आवरत नाही.

तिसरी आपली उदबत्ती. आग छान पेटलेली असताना दाराच्या कडेने, काचेच्या कडेने आणि खालच्या राखेच्या दाराच्या कडेने हळूहळू फिरवा. जिथे धुराची सरळ रेघ अचानक वाकून आत शिरते तिथे फट. घरातला पंखा, हीटिंगचा ब्लोअर, सगळं बंद ठेवून करा, नाहीतर उदबत्ती काहीही सांगेल.

चौथी खडूची, आणि ती मला सगळ्यात आवडते. दार जिथे टेकतं ती स्टोव्हच्या चौकटीची उभी कड पांढऱ्या खडूने घासा. दार अलगद लावा, कडी लावा, उघडा. दोरीवर पांढरी रेघ उमटलेली दिसेल. फाउंड्रीत आम्ही दोन भाग एकमेकांना बसतात का ते बघायला निळा रंग लावायचो, तीच पद्धत. रेघ दोरीच्या मधोमध आणि सगळीकडे सारखी हवी. कुठे रेघच नाही, कुठे दोरीच्या काठावर घसरलीय, कुठे नुसता पांढरा पट्टा झालाय, यावरून दाराची कुंडली वाचता येते.

तुमच्या दाराची मी न बघता सांगतो. बिजागरी डावीकडे, कडी उजवीकडे. डाव्या बाजूला खडूचा जाड पट्टा उमटेल, दोरी तिथे चेपून लाकडासारखी झालेली असेल. उजवीकडे रेघ पुसट असेल, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात बहुधा नसेलच. कारण सोपं आहे. दोरी प्रमाणापेक्षा जाड झाली की दार चौकटीला समांतर येण्याआधीच बिजागरीच्या बाजूची दोरी टेकते. पुढचं सगळं दार त्या टेकूवर तरफेसारखं फिरतं. तुम्ही उजवीकडे जोर लावता तो डावीकडे बिजागरीवर जातो. उजवीकडची दोरी नुसती टेकते, दाबली जात नाही. म्हणून कडी लावायला दोन हात लागतात आणि तरी नोट सुटते.

आणि बीड वाकत नाही. लोखंडी पत्रा असता तर थोडा वाकून तुम्हाला सांभाळून घेतलं असतं. बीड दाब सहन करतं, ताण आणि पीळ नाही. बिजागरीचा कान, म्हणजे खिळा ज्यात बसतो तो बिडाचा भाग, कधी तुटतो ते आधी कळत नाही, एक दिवस ‘टक्’ असा आवाज येतो आणि पंधरा किलोचं दार हातात येतं. म्हणून सुरुवातीलाच कडीवरचा जोर थांबवायला सांगितला. आत्ता टॉर्च घेऊन दोन्ही कानांच्या मुळाशी बघा, केसाएवढी रेघ दिसते का. शंका आली तर तिथे खडू चोळून पुसून घ्या, तडा असला तर खडू त्यात राहतो. तडा असेल तर इथे वाचणं थांबवा आणि नवीन दार मागवा. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. निकेलच्या रॉडने, आधी तापवून, नीट केलं तर बीड जोडता येतं, पण रोज तापणाऱ्या-निवणाऱ्या दाराच्या कानावर मी तो भरवसा ठेवत नाही. कोल्हापुरात असता तर जुनं दार घेऊन ओतकामाचे नमुने करणाऱ्या पॅटर्नवाल्याकडे गेला असता, आठवड्यात नवं ओतून मिळालं असतं. इथे ते होत नाही, कंपनीकडून सुटा भागच घ्यावा लागतो.

कान शाबूत असतील तर काम घरी होण्यासारखं आहे. एक शनिवार लागेल आणि रविवारी स्टोव्ह बंद राहील, त्यामुळे हवामान बघून दिवस ठरवा.

स्टोव्ह आदल्या दिवसापासून गार हवा. दार बिजागरीच्या खिळ्यांवरून सरळ वर उचललं की बहुतेक स्टोव्हचं निघतं. दोघांनी उचला. जेवणाच्या टेबलावर जुनं पांघरूण टाकून काचेची बाजू खाली करून ठेवा. कडीचे, बिजागरीचे वॉशर निघाले तर कुठला कुठून निघाला त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढा. हे वॉशर फालतू दिसतात. तेच पुढे तुमचं काम करणार आहेत.

दोरी ओढून काढा. तुमचा स्टोव्ह ९४ सालचा आणि दोरी परवाचीच, म्हणजे काचतंतूची, त्यामुळे हातमोजे आणि साधा मास्क पुरे, तंतू टोचतात एवढंच. पण हे वाचणाऱ्या कुणाचा स्टोव्ह १९८० च्या आसपासचा किंवा आधीचा असेल आणि दोरी मूळचीच असेल, तर ती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. साखर कारखान्यात बॉयलरच्या दारांना तीच असायची, आमच्या भागात कित्येकांनी उघड्या हातांनी ती कापली आणि भरली. ती खरवडू नका, व्हॅक्यूम लावू नका. तपासून घ्या आणि परवाना असलेल्या माणसाकडून काढून घ्या.

दोरी निघाली की खोबणीत जुनं सिमेंट दिसेल. जाड दोरी धरून ठेवायला लोक सिमेंट सढळ हाताने ओततात, त्यामुळे खोबण उथळ होते आणि दोरी अजूनच वर येते. एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन खरवडा, मग तारेचा ब्रश, खाली चकचकीत धातू दिसेपर्यंत. ग्राइंडर नको. पाच मिनिटांचं काम होईल खरं, पण खोबणीचा काठ खाल्ला गेला की तो परत येत नाही. चौकटीची कडही ब्रशने साफ करा, तिच्यावर काजळीचा कडक थर असतो आणि तोच अर्धा सूत खातो.

आता दोरीचं माप. लोक जुनी दोरी मोजतात, आणि जुनी दोरी चपटी होऊन रुंद झालेली असते. तीन सुती दोरी दाबून दाबून चार सुतासारखी दिसते. तुमच्या यजमानांची चूक इथेच झाली असणार, त्यात त्यांचा दोष नाही. कंपनीचं पुस्तक मिळालं तर त्यात लिहिलेलंच माप घ्या आणि पुढचा परिच्छेद सोडून द्या.

पुस्तक नसेल तर पुरीला मळतो तशी घट्ट कणीक मळा. सुपारीएवढ्या आठ गोळ्या करा, प्रत्येकीला प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळा. खोबण रिकामी असताना चार कोपऱ्यांत आणि चार बाजूंच्या मध्ये एकेक गोळी चिकटवा. दार बिजागरीवर चढवा, हाताने दाबू नका, फक्त कडी फिरवून शेवटपर्यंत लावा. मग उघडा. गोळ्यांमध्ये चौकटीच्या कडेचा ठसा उमटलेला असेल. ठशाच्या खाली जेवढी कणीक उरली ती जाडी मोजा, आठही जागी, आणि मघाच्या कागदावर लिहून ठेवा. दोरी दाबल्यावर जागा असते ती एवढीच. माझा हिशोब असा की दोरी या जागेपेक्षा साधारण एक तृतीयांशाने मोठी हवी. सहा-सात मिलिमीटर भरलं तर तीन सुती, म्हणजे तीन अष्टमांश इंच. तुमच्याकडे तेच निघेल अशी माझी खात्री आहे, कारण मूळची तीच होती.

या आकड्यांचा दुसरा उपयोग जास्त मोठा. आठ आकडे जवळजवळ सारखे असले, एक-दीड मिलिमीटरचा फरक असला, तर दार सरळ आहे, दोरी तेवढं सांभाळते. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत जास्त आणि खाली कमी असेल तर वरची बिजागरी झिजलीय, दार पुढे झुकलंय. खिळा काढून बघा, मधे कंबर पडल्यासारखा बारीक झालेला असतो. नवा खिळा टाकला की अर्धा प्रश्न संपतो. कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत जास्त असेल तर कडी सैल आहे. एकाच कोपऱ्यात एक सुताच्या वर फरक असेल तर दार किंवा चौकट पिळवटलीय. बीड पुन्हापुन्हा लालभडक होईपर्यंत तापलं की ते कायमचं फुगतं आणि आकार सोडतं. फाउंड्रीत याला आम्ही बीड ‘वाढलं’ म्हणायचो. तिथे दोरीने काही होत नाही, दार नवं.

हे सगळं वाचून कणीक मळायचा कंटाळा आला असेल तर सांगतो, गेल्या हिवाळ्यात मेनमध्ये एका घरी तीन वर्षांत पाच वेळा दोरी बदलली होती. खिळा दीड डॉलरचा निघाला.

दोरी विकत घेताना नुसतं माप बघू नका, चिमटीत दाबून बघा. त्याच जाडीची एक दोरी भरीव, टणक असते आणि एक मऊ. हलक्या कडीच्या दाराला टणक दोरी घातली की जाड घातल्यासारखंच होतं. मऊ घ्या. लांबी दाराच्या घेरापेक्षा अर्धा फूट जास्त.

आधी कोरडी बसवून बघा. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: दोरी ओढायची नाही. खोबणीत घालताना आपला हात नकळत ओढतो, नाडा घालतो तसा. ओढली की ती बारीक होते, आज छान बसते आणि आठ दिवसांनी आखडून सांध्यात बोटभर फट पडते. ठेवत जायची, बोटाने पुढे सरकवत जायची, कोपऱ्यात किंचित जास्तच. सुरुवात बिजागरीच्या बाजूच्या मध्यावरून करा, कडीच्या बाजूला सांधा आणू नका, तिथे दार सगळ्यात जास्त घासतं. कापायच्या जागी साधी कागदी चिकटपट्टी गुंडाळा आणि पट्टीच्या मधोमध कापा, म्हणजे टोक विस्कटत नाही. पट्टी पहिल्या आगीत जळून जाते.

मग दोरी बाहेर काढा आणि खोबणीत सिमेंटची एकच बारीक रेघ ओढा, एक सूत रुंद, जास्त नाही. हे सिमेंट म्हणजे बहुतेक वेळा सोडियम सिलिकेटच असतं. आम्ही कोअर (ओतकामात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) बनवताना वाळूत हेच मिसळायचो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडला की मिनिटभरात वाळूचा दगड व्हायचा. दोरीत ते जास्त मुरलं की दोरीचाही तसाच दगड होतो. बाहेरून गुबगुबीत दिसते आणि दाबली जात नाही. तुमची आत्ताची दोरी काढाल तेव्हा तिचे बोटाएवढे तुकडे काडीसारखे मोडतात का बघा. मोडले तर समजा सिमेंट प्यायलीय. लाल सिलिकॉनही दुकानात मिळतं, ते साधारण ६०० फॅरनहाइटच्या पुढे टिकत नाही. काही कंपन्या दाराला तेच लावायला सांगतात. तुमच्या पुस्तकात असेल तर लावा, नसेल तर सिमेंटच.

दोरी परत घाला, बोटाने सगळीकडे सारखी दाबा, दोन्ही टोकं एकमेकांना भिडवा, एकावर एक चढवू नका. चौकटीवर मेणकागद लावा, म्हणजे बाहेर आलेलं सिमेंट तिथे चिकटणार नाही. दार चढवून कडी अर्धीच लावा. रात्रभर राहू द्या.

ते वाळेपर्यंत काच बघून घ्या. तुमचा काळा कोपरा दाराच्या दोरीचा नसून काचेच्या पट्टीचा असण्याची शक्यता बरीच आहे. पूर्ण काच तपकिरी पडत असेल तर लाकूड ओलं असतं, २० टक्क्यांच्या वर ओल असलेलं लाकूड जाळलं की असं होतंच. पण रोज एकच कोपरा, एकाच आकारात काळा पडतो म्हणजे तिथून हवा शिरते आणि काच धुणाऱ्या हवेचा पडदा फाटतो. काचेभोवती चपटी पट्टी असते, तिला एका बाजूने चिकट असतं, इंग्रजी यू आकारात काचेच्या कडेवर घालायची. काच साधी नाही, सिरॅमिकची आहे, तापली तरी जवळजवळ वाढत नाही. बीड वाढतं: चाळीस सेंटिमीटर रुंद दार ३०० अंश सेल्सिअसने तापलं की सव्वा मिलिमीटरने मोठं होतं. म्हणून काच आपल्या चौकटीत किंचित खेळती राहिली पाहिजे. स्क्रू बोटाने घट्ट करा आणि मग पाव फेरा, बस. जास्त आवळलं तर काच त्याच रात्री जात नाही, जानेवारीत उणे वीसला जाते. स्क्रू गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंजाचं तेल सोडून ठेवा. बिडात मोडलेला स्क्रू काढण्यात माझे कित्येक रविवार गेलेत.

खालच्या राखेच्या दाराकडे कुणी बघत नाही. तुमच्या स्टोव्हला जाळी आणि खाली राखेचा ट्रे असेल तर त्या छोट्या दारालाही दोरी असते, आणि तिथली फट वरच्या दाराच्या फटीपेक्षा जास्त वाईट. खालून आलेली हवा थेट निखाऱ्यांतून जाते, लोहाराच्या भात्यासारखी. आग धडधडते असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला आधी हेच दार आठवलं. उदबत्ती तिथे नक्की न्या. आग पेटायला सोपी पडते म्हणून काही लोक ते दार किलकिलं ठेवतात, मग जाळी वितळून खाली बसलेली मी पाहिलीय.

दुसऱ्या दिवशी कडी. कडीच्या आत एक उंट-पाठीसारखा तुकडा असतो, तो चौकटीवरच्या खाचेत शिरून दार ओढून घेतो. त्याच्या मागे-पुढे वॉशर असतात किंवा एक नट असतो. वॉशर एका बाजूचा काढून दुसऱ्या बाजूला टाकला की दार तेवढं आत येतं. कडी पहिला अर्धा फेरा सहज फिरली पाहिजे आणि शेवटच्या अंगठ्याएवढ्या अंतरात घट्ट व्हायला हवी. सासूबाईंना एका हाताने लावता आली की बरोबर. आज थोडी सैलसरच ठेवा, कारण दोरी पहिल्या चार-पाच आगींत बसते आणि तेव्हा आवळायला जागा लागते. आज शेवटपर्यंत आवळलीत तर पुढे आवळायला काही उरत नाही. फिरणाऱ्या भागात स्वयंपाकाचं किंवा यंत्राचं तेल घालू नका, ते जळून डिंक होतं. ग्राफाइटची पूड चिमूटभर.

पहिली आग छोटी. दोन-तीन ढलप्या, तासभर. सिमेंटचा वास येईल, खिडकी उघडा. दुसरी थोडी मोठी. एक चुंबकाचा थर्मामीटर मिळतो, तो स्टोव्हच्या माथ्यावर लावा. दार नीट बसलं की दांडी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आकडा खाली येताना दिसतो, ज्वाळा आळसावल्यासारख्या हलतात. एरवी ४०० ते ६०० फॅरनहाइटमध्ये राहायला हवा. ८०० च्या पुढे जात असेल आणि दांडी बंद असेल तर हवा अजून कुठूनतरी येतेय.

आता ती स्वयंपाकघराची गोष्ट. तुम्ही ओझरतं लिहिलंय की घर घेतल्यावर फोडणीच्या वासासाठी मोठा हूड बसवला. किती सीएफएमचा? आपल्या लोकांकडे सहसा ६०० किंवा त्याच्या वरचाच असतो, मी प्रत्येक देसी घरात विचारतो. असा हूड मिनिटाला ६०० घनफूट हवा घराबाहेर फेकतो आणि तेवढी हवा कुठूनतरी आत यावी लागते. खिडक्या नव्या, घर बंदिस्त, मग सगळ्यात सोपी वाट चिमणी. तिची ओढ किती ते वर सांगितलं, १२ पास्कल. हूड ती सहज उलटवतो. सकाळी सहाला पोह्यांना फोडणी घातली, हूड चालू केला, स्टोव्हमध्ये रात्रीचे निखारे, चिमणी अर्धवट गार. धूर आणि त्याच्याबरोबर तो बिनवासाचा वायू दारातून, सांध्यांतून खोलीत. दार कितीही छान बसवा, हे थांबणार नाही.

तपासायला सोपं आहे. निखारे असताना सकाळी दाराच्या कडेला उदबत्ती धरा आणि कुणाला तरी हूड पूर्ण वेगात चालू करायला सांगा. धूर आत जायचा तो बाहेर वळला तर झालं. तोवर हूड लावताना स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. कायमचा उपाय म्हणजे हूडबरोबर बाहेरची हवा आत आणणारी नळी बसवणं, तो बसवणाऱ्याला विचारा. बाथरूमचे पंखे आणि कपडे वाळवायचं मशीनही यात भर घालतात, पण हूडपुढे ते किरकोळ.

आणि चिमणी या वर्षी साफ झाली नसेल तर दाराच्या आधी ती करून घ्या. दार हवा खात असताना आग जोरात जळते, त्यात चिमणीत काजळीचं डांबर साचलेलं असेल तर ते पेट घेतं. वरच्या टोपीची जाळी बुजलेली असली तरी सकाळचा वास येतो.

चौथ्या-पाचव्या आगीनंतर, स्टोव्ह गार झाला की नोट घेऊन परत एकदा फिरा आणि जुन्या कागदावरच्या फुल्यांशी ताडून बघा. उजवीकडे कुठे सैल लागली तर तेव्हा कडीचा आणखी एक वॉशर हलवा. डावीकडे नोट फाटेल इतकी घट्ट आणि उजवीकडे सुटत असेल तर वॉशरला हात लावू नका, मला कणकेचे आठ आकडे आणि दोन्ही कानांचा जवळून फोटो पाठवा. जुन्या दोरीचा एक तुकडाही डब्यात ठेवून द्या, टाकू नका.